तेजोमेघांचें छायाचित्रण

पौष-माघाच्या रात्रीं नऊ-दहाच्या सुमारास मान वर केली, म्हणजे डोक्यापासून थोडें दक्षिणेकडे कललेलें मृगनक्षत्र दिसतें. हरणाच्या पोटांत रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण लहान मुलांनाहि ओळखतां येतो. त्या तीन ताऱ्यांच्या खालीं, दक्षिणेच्या अंगास, आणखी तीन मंद ताऱ्यांची एक आखूड ओळ आहे. तिच्यांतील मधला तारा निरखून पाहिला, तर तो इतर ताऱ्यांसारखा टोंकदार न दिसतां पुसट, पिंजलेल्या कापसासारखा दिसतो. मृगांतील प्रसिद्ध तेजोमेघ तो हाच. परंतु हाच तेजोमेघ एखाद्या छापील पुस्तकांत पाहिला, तर तो पंख पसरलेल्या पक्ष्यासारखा, तांबड्या-गुलाबी आणि निळसर छटांनीं भरलेला असतो. लहान दुर्बिणीला डोळा लावला तरी हे रंग कांहीं दिसत नाहींत. मग ते आले कोठून? छायाचित्रकारानें ते पदरचे भरले काय? ही शंका कोणाहि सुशिक्षित माणसास येणें स्वाभाविक आहे. तिचें उत्तर शोधूं लागलें, कीं तेजोमेघांच्या छायाचित्रणाची सगळी विद्या क्रमाक्रमानें उलगडत जाते.

प्रथम डोळ्याचा विचार करणें बरें. डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी रंग ओळखतात, परंतु त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडाच्या आकाराच्या पेशी अगदीं मंद प्रकाशांतहि काम करतात, मात्र त्यांना रंग कळत नाहीं. रात्रीच्या आकाशाकडे पाहतांना मुख्यत्वें दंडपेशींचाच कारभार चालतो, म्हणून तेजोमेघ राखाडी दिसतो. शिवाय या दंडपेशींना सुमारें ५०७ नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवट-निळा प्रकाश सर्वांत चांगला जाणवतो आणि तांबडा जवळजवळ जाणवतच नाहीं. मृगांतील तेजोमेघ मुख्यत्वें हायड्रोजन वायूचा आहे, आणि त्या वायूची ठळक तांबडी रेषा ६५६ नॅनोमीटरवर येते. म्हणजे तांबडा रंग तेथें खरोखरीच आहे. तो टिपण्याची शक्ति रात्रीच्या डोळ्यांत नाहीं.

दुसरी अडचण याहूनहि मोठी आहे. डोळा प्रकाशाचा संचय करीत नाहीं. सेकंदाच्या सुमारें दहाव्या भागांत जेवढा प्रकाश आला, त्याचें चित्र मेंदूकडे पोंचतें आणि पाटी पुन्हां कोरी होते. तासभर टक लावून बसलें, तरी पहिल्या क्षणीं दिसलें त्याहून फारसें अधिक दिसत नाहीं. छायाचित्राची कांच, फिल्म किंवा आजच्या कॅमेऱ्यांतील सेन्सर यांचें तसें नसतें. त्यांवर पडलेला प्रकाश सांचत राहतो. थेंबें थेंबें तळें सांचे, ही म्हण या विद्येला अक्षरशः लागू पडते.

ही गोष्ट ज्योतिषशास्त्रज्ञांच्या ध्यानांत येऊन आतां दीडशें वर्षें होत आलीं. अमेरिकेंत हेन्री ड्रेपर यानें १८८० च्या सप्टेंबरांत मृगांतील तेजोमेघाचें पहिलें छायाचित्र घेतलें. त्यासाठीं त्यानें कांचेवर ५१ मिनिटें प्रकाश पडूं दिला. इंग्लंडांत अँड्र्यू कॉमन यानें १८८३ सालीं घेतलेल्या चित्रांत तर दुर्बिणींतून डोळ्यांना न दिसलेले तारेहि उमटले. पुढें १८८८ सालीं आयझॅक रॉबर्ट्स यानें २० इंची परावर्तक दुर्बिणीच्या साह्यानें देवयानीतील तेजोमेघाचें छायाचित्र घेतलें आणि त्याचा चक्राकार घाट प्रथमच स्पष्ट झाला. रॉबर्ट्सला वाटलें, कीं एक नवी सूर्यमाला घडतांना दिसत आहे. तो तर्क चुकीचा ठरला. १९२३ सालीं एडविन हबल यानें त्या मेघांत एक रूपविकारी तारा शोधला, आणि तो मेघ म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या पलीकडची एक स्वतंत्र दीर्घिका, अब्जावधि ताऱ्यांचें एक निराळें विश्व आहे, हें सिद्ध झालें. रॉबर्ट्सचा तर्क गेला, पण त्याचें चित्र राहिलें. चित्र प्रामाणिक असलें, तर त्याचा अर्थ लावण्यांत झालेली चूक पुढच्या पिढीला सुधारतां येते, असा याचा बोध आहे.

महाराष्ट्रांतहि या विद्येचा पाया तेवढ्याच जुन्या काळीं घातला गेला. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगींतून पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक वेधशाळा उभी राहिली. तेथें डब्लिनच्या ग्रब यांनीं घडविलेली २० इंची परावर्तक दुर्बीण होती. वेधशाळेचे प्रमुख होते प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला. त्या काळीं तेजोमेघांच्या वर्णपटांतील एका हिरवट रेषेवरून मोठा वाद चालला होता. नॉर्मन लॉकियर यांच्या मतें ती रेषा मॅग्नेशियमच्या वर्णपटांतील एका पट्ट्याची कड असून, तेजोमेघ म्हणजे उल्कांचे थवे होत. तसें असतें, तर रेषेची एक बाजू पुसट दिसावयास हवी होती. नायगमवाला यांनीं मृगांतील तेजोमेघाचा वेध घेतला आणि ती रेषा बारीक व रेखीव असल्याचें १८९१ सालीं प्रसिद्ध केलें. लॉकियर हे त्या काळचे केवढे वजनदार गृहस्थ. परंतु जें दिसलें तेंच पुण्याच्या या निरीक्षकानें लिहिलें. पुढें १९२७ सालीं आयरा बोवेन यानें दाखवून दिलें, कीं ती रेषा अत्यंत विरळ अवस्थेंतील, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे. तिची तरंगलांबी ५०० पूर्णांक ७ दशांश नॅनोमीटर. आज हौशी छायाचित्रकार बाजारांतून जो ऑक्सिजनचा फिल्टर विकत आणतात, तो नेमकी हीच रेषा आंत सोडतो. पुण्याची ती वेधशाळा १९१२ सालीं बंद झाली आणि तिची उपकरणें कोडाईकनालला गेलीं. परंतु आकाशाची हौस गेली नाहीं. १९४४ सालीं पुण्यांतच ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली आणि हौशी निरीक्षकांना हक्काचें घर मिळालें.

या कामास प्रचंड दुर्बीण लागते, ही समजूत मात्र खरी नव्हे. देवयानीची दीर्घिका आकाशांत सुमारें तीन अंश पसरलेली आहे. म्हणजे पूर्ण चंद्राच्या सहापट. मृगांतील तेजोमेघ चंद्राच्या सुमारें दुप्पट रुंद आहे. या वस्तु लहान आहेत म्हणून दिसत नाहींत असें नाहीं. त्या अंधुक आहेत. त्यामुळें त्यांना मोठें करून पाहण्याची गरज थोडी, आणि त्यांचा प्रकाश गोळा करण्याची गरज फार. ज्याचें भिंग बदलतां येतें असा एक साधा डिजिटल कॅमेरा, मग तो जुन्या बाजारांतला कां असेना, १३५ किंवा २०० मिलिमीटरचें एक भिंग आणि एक भक्कम तिपाई, म्हणजे छायाचित्रकार ज्याला ट्रायपॉड म्हणतात ती, एवढ्या सामग्रीवर आरंभ करतां येतो.

सामग्रीहून महत्त्वाचा आहे तो अंधार. मनमाडच्या पूर्वेस, मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, नाशिक जिल्ह्यांतील नांदगांव हें तालुक्याचें गांव आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतील हा मुलूख कोरडा. पावसाळा सरला, कीं कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत आकाश बहुधा स्वच्छ असतें. स्टेशनाचे आणि बाजारपेठेचे दिवे मागें टाकून कांहीं मैल माळावर गेलें, तर आकाशगंगेचा पट्टा नुसत्या डोळ्यांनीं दिसावा, असा अंधार अशा मुलुखांत अजून सांपडतो. स्थानाचाहि एक फायदा आहे. नांदगांवचा अक्षांश सुमारें सव्वावीस अंश उत्तर. म्हणून उत्तरेची देवयानी तेथें क्षितिजापासून जवळजवळ सत्तर अंश वर चढते, आणि दक्षिणेकडील नरतुरंगांतील ओमेगा हा विशाल तारकागुच्छहि बावीस अंशांपर्यंत वर येतो. लंडनच्या हौशी निरीक्षकाला हा गुच्छ जन्मभर घरून दिसावयाचा नाहीं.

अंधाराची किंमत गणितानेंहि मांडतां येते. ज्या आकाशाचा स्वतःचा उजेड दहापट अधिक, त्या आकाशाखालीं मंद दीर्घिकेचें तितकेंच स्पष्ट चित्र मिळविण्यास सुमारें दहापट वेळ लागतो. नांदगांवच्या माळावरील एका तासाचें काम मोठ्या शहरांतील गच्चीवर करावयाचें, तर कित्येक रात्री खर्चाव्या लागतात. चंद्राचेंहि तसेंच आहे. म्हणून या छंदांत पंचांग हें पहिलें उपकरण. वद्य दशमीपासून शुद्ध तृतीयेपर्यंतच्या रात्री सर्वांत उत्तम. त्यांतल्या त्यांत दिवाळीची अमावास्या तेवढी वगळावी. त्या रात्रीं चंद्र नसतो खरा, परंतु त्याची उणीव माणसें भरून काढतात!

जागा आणि रात्र ठरली, कीं पहिला अडथळा पृथ्वीच्या भ्रमणाचा. पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरते, त्यामुळें विषुववृत्ताजवळचे तारे दर दोन मिनिटांत पूर्ण चंद्राच्या रुंदीइतके पश्चिमेकडे सरकतात. कॅमेरा स्थिर ठेवला, तर २०० मिलिमीटरच्या भिंगानें दोन सेकंदांतच तारे लांबट दिसूं लागतात. यावर उपाय म्हणजे अनुगामी यंत्र, ज्याला ट्रॅकर म्हणतात. हें यंत्र कॅमेऱ्याला २३ तास, ५६ मिनिटें, ४ सेकंदांत एक फेरा, या गतीनें ताऱ्यांच्या मागोमाग फिरवितें. मात्र त्याचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाशीं समांतर हवा. नांदगांवीं ध्रुव उत्तर क्षितिजावर वीस अंशांच्या किंचित् वर असतो. हात लांब करून पंजा ताणला, तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत जेवढें अंतर दिसतें, जवळजवळ तेवढाच. तथापि ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूवर नेमका नाहीं. तो त्यापासून सुमारें दोन तृतीयांश अंश दूर आहे. एवढ्या फरकानेंहि लांब भिंगाच्या चित्रांत तारे घसरतात, म्हणून यंत्राच्या लहानशा ध्रुवदर्शक दुर्बिणींतून तो फरक भरून काढावा लागतो.

त्यानंतर फोकस. भिंगावरील अनंत अंतराच्या खुणेवर विसंबूं नये. व्याधासारखा एखादा तेजस्वी तारा पडद्यावर मोठा करून पाहावा आणि तो लहानांत लहान ठिपका होईपर्यंत कडें हळूहळू फिरवावें. रात्र थंड होत गेली, कीं हा फोकस थोडा बदलतो. तासाभरानें पुन्हां तपासणें श्रेयस्कर. चित्रें रॉ या कच्च्या स्वरूपांत सांठवावीं, कारण कॅमेऱ्यानें स्वतः आवळून तयार केलेल्या चित्रांत मंद प्रकाशाचे बारकावे आधींच नाहींसे झालेले असतात.

आतां या विद्येच्या गाभ्याशीं येतां येईल. एकच चित्र एक तासाचें घेण्याऐवजीं एकेक मिनिटाचीं साठ चित्रें घेऊन तीं संगणकावर एकमेकांवर बसविणें, ही आजची रीत आहे. तिला स्टॅकिंग म्हणतात. तिच्यामागील तत्त्व सोपें आहे. प्रत्येक चित्रांत तेजोमेघाचा खरा प्रकाश त्याच त्या जागीं असतो. परंतु कणाकणांचा जो गोंगाट असतो, तो प्रत्येक वेळीं निराळा असतो. चित्रें एकत्र केलीं, कीं प्रकाश चित्रांच्या संख्येच्या प्रमाणांत वाढतो, आणि गोंगाट त्या संख्येच्या केवळ वर्गमूळाइतका वाढतो. म्हणून सोळा चित्रांनीं स्पष्टता चौपट होते, शंभरांनीं दहापट. याची दुसरी बाजू ही, कीं स्पष्टता दुप्पट हवी असेल, तर वेळ चौपट द्यावा लागतो. पहिल्या तासाचें फळ पुष्कळ, दुसऱ्याचें त्याहून कमी. एखाद्या मंद दीर्घिकेसाठीं हौशी मंडळी पांच-सहा रात्री खर्च करतात, तें याच हिशेबामुळें. शिवाय एखादें विमान, उपग्रह किंवा वाऱ्याचा झोत आला, तर एक मिनिटाचें चित्र फुकट जातें. सगळी रात्र वांचते.

आकाशाचीं चित्रें घेऊन झालीं, तरी घरीं परतण्याची घाई करूं नये. त्या रात्रीं कॅमेऱ्यानें स्वतःहून काय काय भर घातली, याचाहि हिशेब ठेवावा लागतो. भिंगावर झांकण लावून, तेवढ्याच वेळाचीं व तेवढ्याच थंडींत वीस-तीस काळीं चित्रें घ्यावयाचीं. यांना डार्क म्हणतात. सेन्सरच्या उष्णतेमुळें जे खोटे ठिपके उमटतात, ते यांत नोंदले जातात आणि मूळ चित्रांतून वजा करतां येतात. हा उष्णतेचा प्रवाह दर सहा अंश तापमानास सुमारें दुप्पट होतो. माघांतल्या थंडींत चित्र नितळ येतें आणि वैशाखांत रवाळ, याचें हें एक कारण. दुसरीं चित्रें फ्लॅट नांवाचीं. भिंगावर पांढरें कापड ताणून एकसारख्या उजेडाचीं चित्रें घेतलीं, कीं भिंगाच्या कडांकडे प्रकाश किती कमी होतो आणि सेन्सरवर धूळ कोठें बसली आहे, तें कळतें. त्यानें मूळ चित्रास भागलें, म्हणजे तो दोष जातो. वाण्यानें धान्य जोखण्यापूर्वीं रिकामें भांडें जोखून घ्यावें, तसाच हा प्रकार आहे.

पुढचें काम घरीं संगणकावर. सिरिल आणि डीपस्कायस्टॅकर हे दोन प्रोग्राम विनामूल्य मिळतात. चित्रें एकत्र करून पहिल्यानें पडद्यावर पाहिलीं, तर शिकाऊ माणसाची निराशाच होते. चित्र जवळजवळ काळें दिसतें. तेजोमेघ तेथें असतो, परंतु त्याचा सगळा प्रकाश काळ्या रंगाच्या अगदीं तळाशीं दाटलेला असतो. तळाचा भाग ताणून वर आणावयाचा आणि तेजस्वी ताऱ्यांना मात्र जास्त फुगूं द्यावयाचें नाहीं, याला ताणणें असेंच म्हणतात. त्याआधीं दूरच्या शहराच्या उजेडानें चित्राच्या एका बाजूस आलेली झांक काढून टाकावी लागते, आणि माहितींतल्या ताऱ्यांच्या रंगांवरून रंगांचा तोल साधावा लागतो.

नेमक्या याच ठिकाणीं मोह उभा राहतो. ताणतां ताणतां गोंगाटहि वर येतो आणि त्या गोंगाटांत डोळ्याला हवे ते आकार दिसूं लागतात. चित्र तीक्ष्ण करणारीं आणि गोंगाट पुसणारीं जीं नवीं साधनें निघालीं आहेत, त्यांतील कांहीं यापूर्वींच्या हजारों चित्रांवरून शिकून तयार झालेलीं आहेत. बेताबाहेर वापरलीं, तर कॅमेऱ्यानें न टिपलेले धागेहि तीं चित्रांत विणूं शकतात. असें चित्र सुंदर दिसेल, पण तें आकाशाचें राहणार नाहीं. यासाठीं एक साधी कसोटी जाणकार मंडळी पाळतात. सगळीं चित्रें दोन भागांत वांटावीं, दोहोंचीं निरनिराळीं चित्रें सिद्ध करावीं, आणि जो धागा दोन्हींत दिसेल तेवढाच खरा मानावा. तसेंच चित्राखालीं स्थळ, दिनांक, भिंग, एकूण वेळ आणि केलेले संस्कार लिहून ठेवावे. जो तांबडा रंग कॅमेऱ्यांत आला, तो अधिक उठावदार करणें क्षम्य. जो आलाच नाहीं, तो भरणें क्षम्य नव्हे. आरंभीच्या शंकेचें उत्तरहि हेंच आहे. मृगांतील रंग खरे असूं शकतात, पण ते खरे ठेवणें हें छायाचित्रकाराच्या हातीं असतें.

आरंभ कशापासून करावा, हेंहि सांगणें अवश्य आहे. यंत्रापूर्वीं नक्षत्रांची ओळख हवी. ती नसेल, तर अंधारांत कॅमेरा कोणत्या दिशेस वळवावा, हेंच कळत नाहीं. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं ज्योतिर्विलास लिहून मराठी वाचकांस ही ओळख केव्हांच करून दिली आहे. कार्तिकांत कृत्तिकांपासून सुरुवात करावी. तो गुच्छ तेजस्वी असल्यामुळें फोकसाची परीक्षा तेथेंच होते. त्याच सुमारास देवयानी. तिचा प्रकाश पंचवीस लाख वर्षांपूर्वीं निघालेला असतो. पौष-माघांत मृग. चैत्रांत उत्तररात्रीं धनु राशींतील तेजोमेघ उगवून वर येतात, आणि वैशाखांत रात्रीं दहाच्या सुमारास दक्षिणेकडे ओमेगाचा गुच्छ. मग ज्येष्ठांत ढग येतात. ते चार महिने सांठविलेल्या चित्रांवर काम करण्याचे.

हें सर्व ज्या अंधारावर अवलंबून आहे, तो मात्र झपाट्यानें आटत चालला आहे. जुने पिवळे सोडियमचे दिवे ठराविक रंगांचा प्रकाश टाकीत. तो फिल्टरनें बराचसा अडवितां येई. नवे पांढरे एलईडी दिवे सर्वच रंगांचा प्रकाश टाकतात. तेजोमेघांसाठीं अरुंद फिल्टर वापरून कांहीं बचाव होतो, परंतु दीर्घिकांचा प्रकाश हा ताऱ्यांचाच, सर्व रंगांचा असल्यामुळें तेथें कोणताहि फिल्टर पुरा पडत नाहीं. महाराष्ट्रांतील पेंच व्याघ्रप्रकल्पास २०२४ सालीं भारतांतील पहिलें अंधाराकाश उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, ही आनंदाची गोष्ट खरी. परंतु अंधार राखण्यास प्रत्येक ठिकाणीं अभयारण्यच पाहिजे असें नाहीं. दिव्यावर टोपी बसवून त्याचें तोंड जमिनीकडे वळविलें, गरज नसेल तेव्हां तो विझविला आणि पांढऱ्याऐवजीं पिवळसर दिवा निवडला, तर रस्त्यावरचा उजेड कमी होत नाहीं. आकाशांत वायां जाणारा तेवढा थांबतो, आणि विजेचा खर्चहि वांचतो. नांदगांवसारख्या गांवांतील नगरपरिषदेला हें आज अल्प खर्चांत साधेल. दिवे एकदां वाटेल तसे लागल्यावर ते बदलण्याचा खर्च पुष्कळ पडतो.

मृगांतील तेजोमेघाचा जो प्रकाश आज रात्रीं माळावरील कॅमेऱ्यांत शिरेल, तो सुमारें तेराशें वर्षें प्रवास करून येथें पोंचलेला असेल. शेवटच्या क्षणीं रस्त्यावरील एखाद्या उघड्या दिव्याच्या झगमगाटांत तो हरवूं नये, एवढी काळजी घेणें मात्र येथल्या माणसांच्या हातीं आहे.